पांढरे माड

बाबा,

काल मी समोरच्या काकूंकडे जाऊन आले. ओटीवर बसले, त्यांच्या हातचा चहा प्यायले. तुम्हाला हे आवडणार नाही हे ठाऊक आहे, म्हणूनच आधी लिहून टाकते. मागाहून कळलं असतं तर म्हणाला असतात की पोरीने मुद्दाम लपवलं. गावच्या सणासाठी गिरीजच्या सासरहून माहेरी आले होते. धाकट्या भावाच्या घरात पाहुण्यांची गर्दी, म्हणून पाय मोकळे करायला रस्त्यावर आले, तर काकू दारातून हाक मारत होत्या. काका जाऊन आता बारा वर्षं झाली, तुम्हाला जाऊन त्याच्या दुप्पट. काकूंना डोळ्यांनी कमी दिसतं, पण मला चालण्यावरून ओळखलं म्हणाल्या. त्यांनी मला रस्ता रुंद झाला त्या वेळची एक गोष्ट सांगितली. ती ऐकल्यापासून मी तुमच्याशी मनातल्या मनात भांडते आहे, आणि ते भांडण आता मनात मावेना म्हणून वहीतला कागद फाडून घेतला.

तुमचा कोणावरच विश्वास नव्हता, बाबा. तक्रार म्हणून लिहीत नाही. आम्हा मुलांना त्याची इतकी सवय होती, की ज्यांचे वडील दुकानातून वस्तू घेऊन सरळ घरी येतात त्यांची आम्हाला कीव यायची. मला शाळेत शिकवायची नोकरी लागली तेव्हा तुम्ही छत्री आणलीत. दुसऱ्या कोणी ती मुलीच्या हातात दिली असती. तुम्ही ती अंगणात उघडलीत, मला तिच्याखाली उभं केलंत आणि वरून दोन कळशा पाणी ओतलंत, कारण होळी बाजारातला छत्रीवाला जरा जास्तच गोड बोलला होता. माझी शाळेत जायची नवी साडी काठाकाठाने भिजली. छत्री मात्र चांगली निघाली. तरी तुम्ही म्हणालात, "आज नाय गळली. उद्याचं कोनी सांगावं." आई स्वयंपाकघराच्या दारात तोंडाला पदर लावून हसत होती, आणि ती का हसते याचाही तुम्हाला संशय आला.

या संशयाचं मूळही मला माहीत आहे. तुम्ही लहान असताना सरकारी मोजणी झाली होती. आजोबांना अक्षरओळख नव्हती. मोजणीची साखळी धरणाऱ्याने ती सैल धरली, म्हणून आपल्या वाडीची दोन हात रुंदीची पट्टी मागच्या शेजाऱ्याकडे गेली, असं आजोबा मरेपर्यंत सांगत. खरं-खोटं देव जाणे. पण त्या पट्टीवरचं एक फणसाचं झाड तुम्ही रोज सकाळी कुंपणाअलीकडून बघायचात, आणि त्याला फणस धरले की आठवडाभर घरात कोणाशी धड बोलायचा नाहीत.

मग आपल्या रस्त्याचं निघालं. स्वातंत्र्य मिळून पाच-सहा वर्षं झाली होती. फादरांच्या देवळावरून स्टेशनकडे जाणारी आपली वाट म्हणजे एका बैलगाडीपुरती. समोरून दुसरी आली की एकाने वाडीत शिरायचं. केळी आणि भाजी स्टेशनवर पोचेपर्यंत गाडी निघून जायची. रस्ता रुंद करायचा, मोटार आणायची, असं वरून ठरून आलं. गावाचं म्हणणं मांडायला एक कमिटी झाली. रविवारी मिस्सेची प्रार्थना झाली की देवळामागच्या खोलीत पाच जण बसायचे: फादर, गावचे दोन म्हातारे, तुम्ही आणि समोरचे काका. काका हिंदू, ते काही मिस्सेला येत नसत, पण रस्त्याच्या एका हाताला आपली वाडी आणि दुसऱ्या हाताला त्यांची, म्हणून फादरांनीच त्यांना बोलावलं होतं. तेव्हा तुम्हाला त्यात काही वावगं दिसलं नव्हतं. तुम्ही दोघे लहानपणापासून एकमेकांना भाऊ म्हणत आलेले. आपला रेडा आजारी पडला तर त्यांचा रेडा आपल्या रहाटाला जुंपला जायचा, त्यांच्याकडे लग्न असलं की आपल्या विहिरीवर त्यांची भांडी घासली जायची.

वळणावर रस्त्याकडेला आपले नऊ माड होते, समोर त्यांचे अकरा. रस्ता रुंद करायचा म्हणजे एका बाजूची रांग जाणार. कुठली, एवढाच प्रश्न होता, आणि कमिटीत तो प्रश्न सोडून बाकी सगळ्यावर बोलणं व्हायचं.

मोजणीवाले साहेब आले तो दिवस मला लख्ख आठवतो. वैशाखातली दुपार आहे. साहेब आधी आपल्याच दारात येतात, डोक्यावरची टोपी काढून घाम पुसतात आणि पाणी मागतात. आई तांब्या भरून घेऊन येते. तुम्ही तिच्याकडे नुसते बघता आणि ती तांब्यासकट आत जाते. "आधी नकाशा दाखवा," तुम्ही म्हणता, "मंग पानी." साहेबांकडे नकाशा नाही, तो ऑफिसात आहे. ते टोपी घालून रस्ता ओलांडून समोर जातात. तासाभराने तिकडून बाहेर येतात ते जेवून, तोंडात पान. आणि ऊन उतरल्यावर त्यांचा शिपाई चुन्याचं डबडं घेऊन आपल्या नऊच्या नऊ माडांना कमरेएवढ्या उंचीवर एकेक पांढरा पट्टा ओढतो. समोरच्या अकराला एकही नाही.

"जेवला तिकडं आनि मोजलं इकडं," तुम्ही म्हणालात. पुढचे पंधरा दिवस घरात हे एकच वाक्य होतं. भाकरी मोडताना, रेडा सोडताना, देवासमोर गुडघे टेकून उठताना. तुम्ही आईच्या कपडे वाळत घालायच्या काथ्याच्या दोरीला वीतभर अंतरावर गाठी मारल्यात आणि रस्ता स्वतः मोजायला सुरुवात केलीत. एक टोक माझ्या हातात, दुसरं तुमच्या. पहाटे दोरी दवाने ओली, दुपारी उन्हाने कडक. एका वेळचं माप दुसऱ्या वेळच्या मापाला जुळेना. दोरीच कमीजास्त होते हे आईने चुलीपाशी बसल्या बसल्या सांगितलं. तुम्ही तिचं ऐकलं नाही. तुमचं म्हणणं पडलं की साहेबांनी रस्त्याकडेला ठोकलेल्या खुंट्या कोणीतरी हलवतं, आणि तो कोणीतरी कोण हे सांगायची गरज नव्हती. काका एक-दोनदा आपल्या कुंपणाशी येऊन उभे राहिले. त्यांना बघून तुम्ही दोरी गुंडाळून घरात गेलात. मीही तुमच्या मागोमाग आत आले, आणि खरं सांगते, मलाही त्या माणसाचा राग आला होता.

तेवढ्यात देवळाच्या संताचा सण आला. सणाच्या आदल्या दिवशी मिरवणुकीच्या वाटेवरच्या प्रत्येकाने आपापल्या झाडांना पुरुषभर उंचीपर्यंत चुना मारायचा, ही गावाची रीत तुमच्याही आजोबांच्या आधीची. तिन्हीसांजेला संताची मूर्ती खांद्यावर घेऊन माणसं निघाली की दोन्ही बाजूंच्या पांढऱ्या खोडांवरून वाट कळायची. वाट काकांच्या वाडीला लागून जाते म्हणून तेही आपल्या माडांना चुना मारायचे. त्यांच्या वडिलांनीही मारला होता. पण त्या वर्षी फादरांनी प्रवचनात सांगितलं की वळणाजवळच्या, म्हणजे आपल्या आणि काकांच्या, झाडांना यंदा चुना नको, साहेबांच्या खुणा झाकल्या जातील, तशी त्यांची विनंती आली आहे. मी बायकांच्या बाजूला बसले होते. तिथूनही मला तुमची मान ताठ झालेली दिसली.

घरी येताना तुम्ही आम्हा सगळ्यांच्या पुढे चाललात. उंबऱ्यात आल्यावर म्हणालात, "फादर बी त्यांच्यातलेच." आईने क्रूसाची खूण केली. "फादरांना काय पडलंय?" ती म्हणाली. "त्येच तर शोधायचं हाय," तुम्ही म्हणालात.

शनिवारी तुम्ही चुना भिजवलात. दरवर्षीपेक्षा दाट. केरसुणीच्या जुन्या बुडख्याने तुम्ही पहिल्या माडाला सुरुवात केलीत आणि पट्ट्यावर तीन तीन हात दिलेत. नववा माड झाला तेव्हा साहेबांचा पट्टा कुठे होता हे मलाही सांगता आलं नसतं. आणि तेवढ्यात समोरून काका बादली घेऊन आले आणि त्यांच्या माडांना चुना मारू लागले. वीस माड, दोन माणसं, मध्ये बैलगाडीएवढी वाट. ना तुम्ही वर बघितलंत, ना त्यांनी. तुमच्या हातात बुडखा तसाच थांबला. "ह्यो का मारतो?" तुम्ही मला हळूच विचारलंत. "याच्यात काय तरी हाय."

रविवारी मिरवणूक झाली. तुम्ही मूर्तीच्या पुढच्या दांड्याला होतात, डोळे सारखे वळणाकडे. काका नेहमीप्रमाणे घरच्या माणसांसह ओटीखाली हात जोडून उभे होते.

सोमवारी सकाळी गावाच्या मृतांसाठी मिस्सा. अख्खं गाव देवळात. काका भाजी घेऊन होळी बाजारात गेलेले. काकू माहेरच्या कोणाच्या तरी बारशाला. मी पाहुण्यांच्या जेवणाची तयारी करून मागाहून, उशिरा निघाले. त्याच सकाळी कंत्राटदाराची सात-आठ माणसं कुऱ्हाडी आणि दोर घेऊन आली. त्यांना मंगळवारनंतर यायचं होतं, पण गाड्या आधी मिळाल्या म्हणून ती आधी आली. पांढरी खूण असलेली झाडं पाडायची, एवढंच त्यांना सांगितलेलं. आपण मिस्सेहून परतलो तेव्हा काकांचे सहा माड रस्त्यावर आडवे पडले होते. माणसं सातव्याला दोर बांधत होती. आपल्या नऊला कोणी हात लावलेला नव्हता.

तुम्ही हात वर करून त्यांना थांबवलंत. हे गावाने कधी लक्षात ठेवलं नाही, म्हणून मी लिहिते. सातवा माड त्या दिवशी तुमच्यामुळे राहिला. मग काका बाजारातून रिकाम्या टोपल्या घेऊन आले. त्यांनी टोपल्या खाली ठेवल्या, पडलेल्या खोडांवरून एकेक करून नजर फिरवली.

"भाऊ, चुना तुमी मारलात," ते म्हणाले.

"तुमी बी मारलात," तुम्ही म्हणालात.

यानंतर तुम्ही दोघे एकमेकांशी कधी बोलला नाहीत. तुम्ही आणखी आठ वर्षं जगलात. सहा पडलेच आहेत तर उरलेले पाचही तिकडचेच जाऊ देत, असं वरच्यांनी ठरवलं, आणि रस्ता त्या बाजूने रुंद झाला. मोटार आली. तिच्यातून मी शाळेत जायला लागले. खिडकीत बसायचं तर आपल्या बाजूच्या, असा माझा नेम होता.

गावाने काय मानलं ते तुम्हाला माहीत आहे. खुणा झाकल्या तुम्ही, आणि माणसांना तिकडे वळवलं तेही तुम्हीच. मिस्सेला बसलेला माणूस हे कसं करेल, असं कोणी विचारलं नाही. निरोप ठेवला असेल, माणूस पेरला असेल, म्हणाले. कमिटीच्या बैठका तुम्हाला न कळवता व्हायला लागल्या. तुम्ही देवळातून बाहेर पडलात की माणसं बोलणं थांबवायची. आणि तुम्ही, ज्यांनी जन्मात कोणाला कसलं स्पष्टीकरण दिलं नव्हतं, ते वाटेत भेटेल त्याला थांबवून सांगू लागलात, "मी नाय सांगितलं त्यांना." गाडीवानाला, पाववाल्याला, माझ्या नवऱ्याकडच्या पाहुण्यांनासुद्धा. विचारलेलं नसताना. मला ते ऐकवत नसे. आपला रेडा भर उन्हाळ्यात मेला तेव्हा समोरचा रेडा मागायची सोय नव्हती. तुम्ही आणि धाकट्याने आठ दिवस खांद्याने रहाट ओढला. तुमच्या खांद्याची कातडी निघाली होती. मी तिला खोबरेल लावलं, आणि तुम्ही तेव्हाही तेच म्हणत होतात, कोनी सांगितलं असेल गं त्यांना? साहेबांनी? फादरांनी? का त्याने सोताच, माझं नाव खराब करायला?

आता काकूंनी काय सांगितलं ते. त्या दुपारी साहेब जेवायला बसले तेव्हा काका त्यांना म्हणाले की एका घरची सगळी रांग जाणं बरं नाही, पाच आमचे घ्या, चार त्यांचे, रस्ता थोडा वळवून घ्या. साहेब म्हणाले, आज मला हुकुमाप्रमाणे खुणा कराव्या लागतील. वर विचारतो आणि सणानंतर मंगळवारी येऊन नव्या खुणा करतो. त्यांनी फादरांनाही तसं कळवलं. काका हे तुम्हाला सांगायला कुंपणाशी येत होते, बाबा. आणि शनिवारी तुम्ही खुणा झाकताना दिसलात तेव्हा काका काकूंना म्हणाले, एकट्या भाऊंचेच माड पांढरे दिसले तर सरकारी माणसं त्यांनाच धरतील, सगळेच पांढरे असले तर सणाची रीत म्हणून सुटतील. म्हणून ते बादली घेऊन उतरले. "ह्यांनी कधी बोलून दाखवलं नाय," काकू म्हणाल्या. "म्हनायचे, आता सांगून काय, भाऊंना वाटेल मी उपकार मोजतो."

मी चहाची कपबशी खाली ठेवली. तुमची मुलगी आहे. पहिला विचार हाच आला की काकूंनी हे आजच का सांगितलं. इतकी वर्षं नाही, आणि आज, मी एकटी असताना. त्यांच्या अंधुक डोळ्यांत काही दिसतं का ते मी बराच वेळ बघत राहिले. त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला होता. त्याचाही मला संशय आला.

त्या सोमवारी मी वळणावर आले तेव्हा त्या माणसांचा मुकादम कपाळाला हात लावून उभा होता. घाटावरचा असावा. म्हणाला, "बाई, पांढरी झाडं पाडायची म्हनून सांगितलंय. हितं तर समदीच पांढरी. कुठल्या बाजूची वो?" मी डोक्यावर पदर घेतला होता, हातात जपमाळ होती. मला प्रश्न नीट कळला होता. उत्तरही माहीत होतं. मी बोट समोर केलं, काकांच्या वाडीकडे, आणि न थांबता देवळाकडे चालू लागले. मिस्सा अर्धी झाली होती. मी बायकांत जाऊन गुडघे टेकले आणि गावाच्या मेलेल्यांसाठी प्रार्थना म्हटली. नंतर पाप सांगायला गेले तेव्हा फादरांना एवढंच म्हणाले की वाटसरूशी खोटं बोलले. त्यांनी मला तीन 'नमो मरिया' म्हणायला सांगितल्या.

तेव्हा वाटलं, मी तुमचे माड वाचवले. आठवड्याभरात कळलं की त्यांच्या बदल्यात तुमचं नाव दिलं. तरी गप्प राहिले. सांगितलं तर तुम्ही रागावाल अशी भीती असती तर मी सांगितलं असतं. भीती वेगळी होती. तुम्ही माझ्या पाठीवर हात फिरवून शाबास म्हणाल, अशी मला भीती होती. गावभर शपथा घेत फिरणाऱ्या तुमच्याबद्दल मी असा विचार केला, हे लिहिताना आता माझं मलाच सहन होत नाही.

हा कागद कुठे पाठवू? नोव्हेंबरात मृतांच्या दिवशी तुमच्या कबरीवर मेणबत्ती लावताना वाचून दाखवावा असं मनात आलं होतं, पण शेजारच्या कबरींवर गावच्या बायका असतात, आणि त्या प्रार्थना करताना कान उघडे ठेवतात. तेव्हा तेही नाही. काकूंनाही सांगितलं नाही. चहा संपवला, "येते" म्हटलं आणि आले. उद्या जाऊन सांगेन असं लिहायला घेतलं होतं, ते खोडलं.

तुम्ही साहेबांवर संशय घेतलात, फादरांवर घेतलात, ज्याने तुमच्यासाठी बादली उचलली त्याच्यावर घेतलात, आईच्या हसण्यावर घेतलात. त्या सकाळी घरातून सगळ्यांत शेवटी मी निघाले होते, हे तुम्हाला माहीत होतं. मला मात्र तुम्ही कधी विचारलं नाहीत. विचारलं असतंत तर मी नाही म्हटलं असतं, बाबा, आणि तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवला असता.